न जेवणारी टाकी

फुगेवाला जाऊन वर्ष होत आलं तरी त्याच्या टाकीतला गॅस काही संपत नव्हता. आणि ही गोष्ट घरात कुणाला धड सांगता येत नव्हती, धड लपवताही येत नव्हती.

टाकी म्हणजे गोठ्यामागं जमिनीत पुरलेला विटांचा घुमट. एका अंगाला शेण कालवून ओतायचं तोंड, दुसऱ्या अंगाला मळी बाहेर पडायची वाट, आणि मधोमध माणूस जेमतेम उतरेल एवढी मान. त्या मानेवर मातीनं लिंपलेलं जड झाकण. अशा टाक्या आणखीही काही जणांकडं होत्या, त्यात नवल नव्हतं. फुगेवाल्याचं डोकं पुढं चालायचं. ज्याच्याकडं ना गुरं ना टाकी, त्यानं काय करायचं, असं त्याच्या मनात आलं. मग त्यानं रबरी कापडाच्या भल्यामोठ्या पिशव्या करून घेतल्या, त्यांत गॅस भरला आणि चहावाल्याच्या, इस्त्रीवाल्याच्या शेगडीला नेऊन जोडला. पिशवीवर फळी, फळीवर दोन दगड, की झाला दाब तयार. फुगेवाल्याची बायको, घरातली थोरली सून, पाठीवर पिशवी बांधून निघाली की लोक म्हणायचे, बाई, वाऱ्यात सांभाळ, उडून जाशील. त्यावरून त्याला फुगेवाला हे नाव पडलं. पुढं हसणारेच पिशवीसाठी दारात उभे राहायला लागले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

मग एक दिवस पिशव्या अर्धवट भरायला लागल्या. आत मळीवर साय धरली असेल, ती फोडायला हवी, म्हणून फुगेवाल्यानं झाकण काढलं, निम्मी टाकी उपसली, एक रात्र उघडी ठेवली आणि सकाळी उतरायची तयारी केली. त्याचा बाप सगळी हयात विहिरी खोदण्यात घालवलेला माणूस. त्याची एक रीत होती. कुठल्याही विहिरीत, पेवात, खड्ड्यात आधी दिवा सोडायचा आणि मग माणूस. दिवा जगला तर माणूस जगेल. म्हातारा त्या सकाळी आपला जुना पत्र्याचा दिवा पेटवून, तारेला अडकवून घेऊनच आला होता. फुगेवाला हसला. म्हणाला, "आबा, विझवा तो. ही विहीर नाही, गॅस आहे. ठिणगी पडली तर सगळेच वर जाऊ." शिकलेल्या गोष्टीतलं मुलालाच जास्त कळतं असं म्हाताऱ्याला वाटायचं, आणि त्याचा अभिमानही होता. त्यानं तोंडाशी धरून दिवा फुंकला. थोरलीनं नवऱ्याच्या कमरेला दोर बांधला. थोड्या वेळानं त्याच दोरानं सगळ्यांनी मिळून त्याला वर ओढला, पण तोवर त्याच्यात काही उरलं नव्हतं. दोराचे वळ तिच्या तळहातांवर अजून होते. काही बोलला का गं शेवटी, असं सासूनं त्या दिवसांत पुन्हा पुन्हा विचारलं. थोरली म्हणाली, नाही.

त्यानंतर पिशव्या गुंडाळून माळ्यावर गेल्या. झाकण पुन्हा लिंपलं. गोठ्याचं मी बघीन, तिकडं कुणी फिरकू नका, असं म्हाताऱ्यानं सांगून टाकलं, आणि फिरकायची हौस होती कुणाला? फक्त टाकीपासून स्वयंपाकघरात आलेली नळी तेवढी कुणी काढली नाही. थोरली रोज सकाळी काडी ओढायची आणि चावी फिरवायची. आज पेटणार नाही, असं तिला रोज वाटायचं. शेगडी पेटायची.

पेटताना ती एक आवाज करायची. फुप्. फुगेवाल्याची बशीतून चहा प्यायची सवय होती. बशी तोंडाशी आणायची, एकच फुंकर घालायची, फुप्, आणि मग घोट. हुबेहूब तोच आवाज. थोरली हातात जळकी काडी धरून क्षणभर तशीच उभी राहायची. भीती वाटायची का? वाटायची. पण उद्या हा आवाज आला नाही तर, याची भीती त्याहून जास्त होती. बोट पोळलं की ती काडी टाकायची आणि आधण ठेवायची.

सासूनं तर सरळ मानूनच टाकलं होतं. पहिला कप ती शेगडीच्या कडेला ठेवायची आणि निवला की गुपचूप झाडाला ओतायची. शेजारणी साखर मागायला म्हणून यायच्या आणि शेगडीकडं टक लावून बसायच्या. वर्षभर उपाशी टाकी जळते म्हणजे काय, खाली कोण आहे हे काय सांगायला हवं? पाणी भरायला गेलं की थोरलीच्या पाठीमागं कुजबुज व्हायची आणि तिनं मागं वळून पाहिलं की थांबायची. सासरा मात्र त्या दिवसापासून स्वयंपाकघराची पायरी चढला नव्हता. अंगणातल्या पडवीत तीन दगड मांडून तो आपला चहा काटक्यांवर करायचा. चहा झाला तरी विस्तव तसाच सोडायचा, आपोआप राख होईपर्यंत. घरात सगळे समजून होते, म्हाताऱ्याचा गॅसवर राग आहे. मुलगा खाल्लेल्या वस्तूवरचा चहा त्याला कसा गोड लागेल?

धाकटा दीर शहरात पंपाच्या जळलेल्या मोटारी भरून देणाऱ्याकडं कामाला होता. भावाच्या दिवसांना आला तो राहिलाच. मनानं वाईट नव्हता, पण जीभ मोकळी. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा पडून राहतात, हे त्याचं आवडतं वाक्य. दादानं आयुष्यभर गहू पडू दिले, आता मी विकतो, म्हणायचा. त्यानं कुठल्याशा प्रदर्शनात जाऊन स्वच्छ इंधनाचा धंदा करणाऱ्या एका कंपनीची माणसं गाठली. पिशवी दाखवली, ती त्यांना बरी वाटली. पण बरी वाटण्यावर कुणी गाडी काढून येत नाही, तेव्हा धाकट्यानं पुढचं सांगून टाकलं. माझ्या भावानं अशी टाकी बांधली आहे की तिला खायला घालावं लागत नाही. वर्ष झालं, शेणाची पाटी पडली नाही, तरी दोन वेळचा स्वयंपाक होतो. तळाशी त्यानं काहीतरी घातलंय, त्याचं गुपित आमच्या घरातच आहे.

कंपनीची माणसं यायला तयार झाली.

थोरलीला हे कळलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. भाऊजी, असं काही घातल्याचं मला तरी ठाऊक नाही, एवढंच ती म्हणाली. धाकटा तिच्यासमोर उकिडवा बसला. म्हणाला, वहिनी, मग जळतंय कशावर? याचं उत्तर सासूकडं होतं, पण ते कंपनीला सांगण्यासारखं नव्हतं. आणि धाकट्याचे डोळे लकाकत होते, वर्षभरात पहिल्यांदा घरात कुणीतरी उद्याबद्दल बोलत होतं. थोरलीला ते मोडवेना. पुन्हा पिशव्या निघतील, पुन्हा आपण कामाला जाऊ, त्यांचं नाव राहील, असं तिलाही वाटून गेलं.

त्याच आठवड्यात म्हातारा तापानं अंथरुणाला खिळला. गोठ्याचं काम धाकट्यानं उरकायला घेतलं, म्हणजे शेण ओढून दारापुढच्या ढिगावर टाकायचं आणि मोकळं व्हायचं. पाचसहा दिवसांत शेगडीची निळी ज्योत पिवळी झाली, मग बुटकी. एका सकाळी थोरलीनं काडी ओढली, चावी फिरवली, आणि काडी हातात जळून संपली. दुसरी ओढली. आवाज आलाच नाही. नवरा गेला तेव्हा ती रडली नव्हती, लोकांनी नावंही ठेवली होती. त्या सकाळी शेगडीपुढं बसून ती मोठ्यानं रडली. सासूनं कप हातातच धरून ठेवला.

धाकट्याची तर झोपच उडाली. कंपनीची माणसं चार दिवसांवर येऊन ठेपली आणि टाकीनं मान टाकली. त्यांचा फोन आला तेव्हा त्यानं टाकी साफ करतोय म्हणून सांगितलं. पलीकडचा माणूस म्हणाला, थांबा, उघडू नका, आतली हवा मोजायचं यंत्र आम्ही घेऊन येतो. धाकट्यानं हो हो केलं आणि फोन ठेवून लगेच कुदळ उचलली. ते आल्यावर दाखवू काय, रिकामं भांडं? दादानं तळाशी काय घातलंय ते आधी मला बघू दे, मग तेच पुन्हा घालू.

झाकण निघालं आणि सडक्या अंड्याचा वास सगळ्या परसात पसरला. धाकट्यानं म्हाताऱ्याची विहिरीची कप्पी काढून तीन वाशांच्या तिकाटण्याला बांधली. तो बादली सोडायचा, भरली की दोघं मिळून ओढायचे, आणि थोरली पाटीत ओतून घेऊन बांधावर टाकून यायची. मळी दाट, काळी, जड. दुपारी ऊन डोक्यावर आलं की पदराला, केसांना, घामालाही तोच वास यायचा. धाकट्याच्या शहरी हातांना पहिल्याच दिवशी फोड आले. थोरलीच्या जुन्या वळांवर दोर पुन्हा बसला. कुंपणापलीकडून जाणारे नाकाला रुमाल लावून जात होते. चहावाला तेवढा थांबला आणि म्हणाला, वहिनी, जपून.

दुसऱ्या दिवशी पाटी ठेवायला ती टाकीच्या पलीकडं, शेण ओतायच्या तोंडाशी गेली. वर्षात ती इथं आली नव्हती. तोंड कोरडं, जळमटांनी भरलेलं असेल असं तिच्या मनात होतं. पण कठड्याला शेणाचा थर होता, आठवड्यापूर्वीचा वाटावा एवढाच वाळलेला. बाजूला अर्धी बादली कालवलेलं शेण तसंच राहून गेलेलं आणि त्यात म्हाताऱ्याची काठी उभी. काठीच्या मुठीला तो बांधायचा ती चिंधी होती. थोरली तिथंच खाली बसली. वर्षभर, रोज, उजाडायच्या आत. म्हणून गोठ्याकडं फिरकू नका.

ती गरम पाणी घेऊन सासऱ्याकडं गेली. तो भिंतीकडं तोंड करून पडला होता. पाणी प्यायला आणि डोळे मिटूनच त्यानं हळूच विचारलं,

"तिला जेवायला घातलं का कुणी?"

थोरलीनं पांघरूण त्याच्या खांद्यावर ओढलं. मग म्हणाली, "घातलं, आबा."

"विझू देऊ नका," म्हातारा म्हणाला आणि पुन्हा भिंतीकडं वळला.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तर कुणाला? धाकट्याला सांगितलं की त्याची सगळी इमारत ढासळते. सासूला सांगितलं की तिचा पहिला कप जातो. आणि म्हाताऱ्याला चव्हाट्यावर आणायचं तिच्या जिवावर येत होतं. टाकी उपसून झाली, तळाशी काही नाही हे धाकट्यानं आपल्या डोळ्यांनी पाहिलं, की आपोआप गप्प बसेल, असा तिनं हिशोब केला. वरून डोकावून दिसेल, उतरायची गरजच काय, असं ती धरून चालली होती, आणि तिथंच चुकली.

तिसऱ्या दिवशी दुपारी बादली खरवडून वर यायला लागली. खाली गुडघाभर गाळ राहिला, तो बादलीत येईना आणि अंधारात दिसेना. उद्या सकाळी माणसं येणार. धाकटा गोठ्यातून शिडी घेऊन आला.

"भाऊजी, शिडी कशाला?"

"दोन मिनिटांचं काम आहे. उतरतो, हातानं चाचपतो आणि येतो."

"ते यंत्र आणणार आहेत ना? उद्यापर्यंत थांबा."

"वहिनी, तीन दिवस उघडी आहे टाकी. दादाच्या वेळी एकच रात्र होती." त्यानं शिडी मानेतून आत सोडली, ती तळाला टेकली. गुडघ्यांवर बसून त्यानं डोकं आत घातलं, श्वास ओढला, पुन्हा ओढला. मग मान वर करून तो मोकळा हसला. भावासारखाच हसायचा तो.

"वास गेला बघ," तो म्हणाला.

थोरलीच्या हातातली पाटी सुटली.

हेच शब्द. त्या दिवशी खालून आले होते, त्या घुमटात घुमून, आनंदानं. वास गेला बघ. त्यानंतर दोर सैल पडला होता. शेवटचं काही बोलला का, असं सासूनं विचारलं तेव्हा तिनं नाही म्हटलं होतं. सांगायचं काय, ते काही बोलणं नव्हतं, निरोप नव्हता. आणि जे काही होतं ते तिचं एकटीचं होतं. पाणी भरताना, भांडी घासताना, शेगडी पेटताना ती ते शब्द मनात घोळवत आली होती. मरताना माणूस खुशीत होता, एवढा आधार तिनं त्यातून काढला होता. वास टाकीतून गेला नव्हता, गॅसनं बधिर झालेल्या त्याच्या नाकातून गेला होता, हे तिला या क्षणी, धाकट्याच्या त्याच हसण्यापुढं उभं राहिल्यावर कळलं.

धाकट्यानं एक पाय शिडीवर टाकला होता. तिनं धावत जाऊन त्याचा दंड धरला. दिराला असं तिनं कधी हात लावला नव्हता, तोही चमकला.

"उतरायचं नाही. त्यांनीही हेच म्हटलं होतं. आत गेल्यावर म्हणाले, वास गेला बघ. मग बोललेच नाहीत."

"तुम्ही तर म्हणाला होतात, दादा काही बोलला नाही."

"खोटं बोलले. आणि खाली काही नाहीये, भाऊजी. काहीही घातलेलं नाही. आबा रोज शेण घालत होते. त्यांना ताप आला म्हणून ती विझली. जा, बघा पलीकडं, त्यांची काठी आहे अजून."

धाकट्याचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. त्यानं हात सोडवून घेतला. त्याला वाटलं, भीतीनं हिचं डोकं फिरलंय, आणि तसं तो बोललाही. वर्षभर एका चुलीशी गप्पा मारल्यावर दुसरं काय होणार, असंही बोलून गेला. उद्या चारचौघांत माझं हसं झालं तर तुम्ही येणार आहात का तोंड दाखवायला? आणि तो पुन्हा शिडीकडं वळला. सासू पडवीतून येऊन खांबाला धरून उभी होती.

"थांब."

म्हातारा आला होता. अंगावर घोंगडी आणि हातात तोच पत्र्याचा दिवा. पेटलेला. वाऱ्यानं विझू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा धरलेला.

"आबा, वेड लागलंय का? ठिणगी पडली तर टाकीसकट जाल."

"तीन दिवस उघडी आहे म्हणतोस ना? मग जळायचं ते उडून गेलं असेल. नसेल गेलं तर मी जाईन. तू तर नाही ना जाणार." म्हातारा दम घ्यायला थांबला. "सगळे भिंतीमागं व्हा. आईला घेऊन जा."

या वेळी त्याला कुणी विझवा म्हणालं नाही. धाकटा आईला धरून गोठ्याच्या भिंतीमागं गेला. थोरली गेली नाही. म्हाताऱ्यानं तिच्याकडं एकदा बघितलं आणि तो तिला जा म्हणाला नाही. त्यानं लांब बांबूच्या टोकावरून दोर घेतला आणि दिव्याची तार त्याला अडकवली. दोघांनी मिळून तो बांबू टाकीच्या मानेवर पुढं सरकवला, आणि म्हातारा हळूहळू दोर सोडत गेला.

दिवा आत शिरला. काही झालं नाही. घुमटाच्या विटा पिवळ्या उजळल्या, फुगेवाल्यानं स्वतः रचलेल्या, सांधे एकसारखे. दिवा आणखी खाली गेला. शिडीच्या मधल्या पायरीपर्यंत ज्योत सरळ होती. त्याखाली ती लांबली, बारीक झाली आणि वातीवरून निघून गेली. वारा नव्हता, आवाज नव्हता.

म्हाताऱ्यानं दिवा वर ओढला. वात धूर सोडत होती. तिनं काडी ओढून पेटवला, त्यानं पुन्हा सोडला. त्याच पायरीशी पुन्हा विझला.

धाकटा भिंतीमागून कधी बाहेर आला ते कळलंही नाही. तो टाकीच्या काठापासून लांब, जमिनीवर बसला. त्या पायरीवर उभ्या माणसाचं डोकं अजून हवेत असतं. तळाशी वाकलेल्या माणसाचं डोकं कुठं येईल, ते त्यानं हातानं मोजलं आणि हात तसाच राहिला.

"एवढंच बघायचं होतं त्या दिवशी," म्हातारा म्हणाला. "पेटवून आणला होता मी. मीच फुंकला."

"त्यांनी सांगितलं म्हणून, आबा."

"फुंकला मीच ना."

सासू येऊन त्याच्याजवळ बसली. तिनं त्याची घोंगडी नीट केली.

सकाळी कंपनीची माणसं आली. धाकट्यानं त्यांना दारातच सांगितलं की टाकी इतरांसारखीच खाते, मला माहीत नव्हतं, आणि जे बोललो ते चुकीचं बोललो. सांगताना त्याची मान खाली होती. त्यांतला एक हसला, दुसऱ्याला वाईट वाटलं असावं. त्यांनी आपलं यंत्र दोरीनं आत सोडलं. ते अर्ध्यावर जाताच किंचाळायला लागलं आणि वर काढेपर्यंत थांबलं नाही. जाताना त्यांनी एक पिशवी मागून घेतली, बघू म्हणाले. पुढं काय होईल ते त्यांचं त्यांना ठाऊक.

शिडी ओढून काढली. तळाचा गाळ तसाच ठेवून झाकण लिंपलं. शेण कालवायला धाकटाच बसला. म्हातारा कठड्यावर बसून, आणखी पाणी, आता पुरे, एवढंच बोलायचा. टाकी रिकामी झालेली, लगेच कुठली पेटायला. बरेच दिवस थोरलीनंही पडवीत, त्या तीन दगडांवरच स्वयंपाक केला. सासूनं कप ठेवला नाही. एकदा भाजी चिरताना तिनं पुन्हा विचारलं, काय म्हणाला होता गं तो. थोरलीनं सांगितलं. सासूनं ते शब्द एकदा स्वतःशी म्हणून बघितले आणि ती चिरत राहिली.

मग एका सकाळी थोरलीनं काडी ओढली, चावी फिरवली आणि शेगडी बोलली. फुप्. ती हातात काडी धरून उभी राहिली. मागं पायरीवर काठी वाजली. सासरा स्वयंपाकघरात येत होता. तो भिंतीला टेकून पाटावर बसला आणि आधणाकडं बघत राहिला. तिनं चहा गाळला, त्याच्यापुढं ठेवला आणि दूध आणायला वळली. ज्योत मोकळीच जळत होती. जाता जाता ती म्हणाली, आबा, हाताशी आहे तर चावी तेवढी फिरवता का?

म्हाताऱ्याचा हात चावीपर्यंत गेला. तिथंच थांबला. तीन दगडांवरचा विस्तव तो रोज तसाच का सोडून द्यायचा, ते तिला तेव्हा कळलं.

"तूच बंद कर, पोरी," तो म्हणाला. "माझ्यानं विझवणं होत नाही."